पक्ष कोणाचा ते ठरलं, महापालिका कोणाची होती?

आजचा एपिसोड राजकारणावर आहे. थांबा, हेडफोन काढू नका. कोणता पक्ष चांगला, हे मी सांगणार नाही. ते सांगायला तुमचे फॅमिली ग्रुप आहेतच.

अमेरिकेत नोकरीला गेलेले आपले मित्र हल्ली एकच रडगाणं गातात. तिथे देश दोन रंगांत वाटला गेलाय, शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही. ६ जानेवारी २०२१ ला निवडणुकीचा निकाल मान्य नाही म्हणून जमाव थेट संसदेच्या इमारतीत घुसला. ते आपण सगळ्यांनी मोबाईलवर लाइव्ह पाहिलं आणि म्हटलं, "बापरे, तिथली लोकशाही धोक्यात आहे!"

आता अमरावती आणि अकोल्याकडे या. इथे कोणी कुठे घुसलं नाही, काच फुटली नाही. तरी आपल्या दोन्ही शहरांत जवळपास चार वर्षं निवडून आलेली महापालिकाच नव्हती. ते किती जणांनी लाइव्ह पाहिलं?

तारखा सांगतो. दोन्ही महापालिकांचं मतदान झालं २१ फेब्रुवारी २०१७ ला. अमरावतीत ८७ नगरसेवक, अकोल्यात ८०. मुदत संपली मार्च २०२२ मध्ये. पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली तीन वर्षं दहा महिने कारभार प्रशासकाच्या हातात.

हिशोब करा. एखादा पोट्टा एप्रिल २०१७ मध्ये अठरा वर्षांचा झाला असेल, तर महापालिकेसाठी पहिल्यांदा मत देताना त्याचं वय पावणेसत्तावीस होतं. या काळात त्याचं कॉलेज झालं, नोकरी लागली, कोणाचं तर लग्नही झालं. पण आपल्या गल्लीतल्या नालीबद्दल मत द्यायचा अधिकार त्याला मिळाला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, "त्यानं काय फरक पडते बे? नगरसेवक असून काय दिवे लावत होते?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर माझ्या कामाच्या भाषेत देतो.

आमच्याकडे एक साधा नियम असतो. मी लिहिलेला कोड मीच तपासून मीच मंजूर करायचा नाही, दुसऱ्या कोणीतरी पाहायचा. मी चोर आहे म्हणून नाही. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून.

महापालिकेतही हेच आहे. आयुक्त बजेट मांडतात, स्थायी समिती ते तपासते, सर्वसाधारण सभा मंजूर करते. प्रशासक आले की काय होतं? आयुक्तच प्रशासक, म्हणून समितीचे आणि सभेचे अधिकारही त्यांच्याकडेच. मांडणारा तोच, तपासणारा तोच, मंजूर करणारा तोच. अधिकारी कितीही चांगला असो, ही पद्धत चुकीची आहे. आणि घरपट्टी वाढली किंवा नळाला पाणी आलं नाही, तर तुम्ही कोणाच्या दारात जाणार? अधिकाऱ्याची बदली होते, तो पुढच्या निवडणुकीत तुमच्याकडे मत मागायला येत नाही.

बरं, हे झालं काऊन? संविधानात तर स्पष्ट लिहिलंय. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. कलम २४३ यू सांगतं की मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे.

सुरुवात आपल्याच भागातून झाली. अकोला, वाशीम आणि आणखी काही जिल्हा परिषदांत आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर गेलं, हा वाद सुप्रीम कोर्टात पोचला. ४ मार्च २०२१ ला कोर्टाने सांगितलं की ओबीसी आरक्षणासाठी आधी आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. ओबीसींना प्रतिनिधित्व मिळालंच पाहिजे, प्रश्न खरा होता. पण निवडणूक अडकली ती फक्त त्यावर नाही.

मार्च २०२२ मध्ये, म्हणजे इकडे आपल्या महापालिकांची मुदत संपत असताना, प्रभाग ठरवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. तो कायदा विधिमंडळात एकमताने पास झाला. एकमताने! जे रोज टीव्हीवर एकमेकांचे गळे धरतात, ते सगळे यावर एक झाले. महाविकास आघाडीने नगरसेवकांची संख्या वाढवली होती. सरकार बदललं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने ती परत पहिल्यासारखी केली. पुन्हा कोर्ट, पुन्हा तारखा. कोर्टाने ४ मे २०२२ लाच निवडणूक प्रक्रिया सुरू करायला सांगितलं होतं. तीन वर्षांनी, ६ मे २०२५ ला, तेच परत सांगावं लागलं.

आणि या काळात आपण काय बोलत होतो? सुरत, गुवाहाटी. बाळापूरचे आमदार सुरतहून परत आले, त्याची चर्चा. धनुष्यबाण कोणाचा? घड्याळ कोणाचं? खरी शिवसेना कोणती, खरी राष्ट्रवादी कोणती? पानठेल्यावर मित्रांची भांडणं झाली, लोकांनी ग्रुप सोडले. हे प्रश्न महत्त्वाचे नव्हते असं मी म्हणत नाही. पक्षांतरबंदीचा कायदा असून पक्ष फुटतात, मतदाराला कोणी विचारत नाही, याचा राग यायलाच पाहिजे. पण आपला सगळा राग तिकडेच खर्च झाला. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना "लोकशाहीचे मारेकरी" म्हणत होते, आणि दोघांच्याही सरकारात आपल्या सभागृहाला कुलूप होतं.

आणीबाणीत लोकसभेची निवडणूक एक वर्ष लांबली, १९७६ ची १९७७ मध्ये झाली. ते आपण आजही विसरलो नाही, विसरूही नये. मग आपल्या शहराची पावणेचार वर्षं आपल्याले आठवत काऊन नाहीत? अमेरिकेत तर यादवी युद्ध सुरू असताना, १८६४ मध्ये, अध्यक्षाची निवडणूक वेळेवर झाली होती.

"लहान निवडणूक आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री झाले ते नंतर. त्याआधी, १९२८ मध्ये, ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. दिल्लीची वाट पाहिली नाही. विहीर गावात होती आणि अधिकार जिल्ह्यात होता, म्हणून ते तिथेच झालं.

आता करायचं काय? तीन कामं. मोबाईल हातात आहेच.

पहिलं, तुमचा प्रभाग क्रमांक शोधा. एका प्रभागात साधारण चार नगरसेवक असतात. चौघांची नावं आणि नंबर सेव्ह करा. तुम्ही मत दिलं नाही त्यांचेही, कारण ते तुमचेही नगरसेवक आहेत.

दुसरं, महापालिकेचं बजेट मागा आणि त्यात फक्त आपल्या प्रभागासाठी काय आहे ते शोधा. मग चौघांनाही एकच प्रश्न विचारा, पक्ष न पाहता.

तिसरं सर्वात सोपं. नव्या महापालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, म्हणजे २०३१ च्या सुरुवातीला संपेल. फोनमध्ये ऑगस्ट २०३० चा रिमाइंडर लावा: "प्रभागरचना झाली का? मतदारयादी झाली का?" तेव्हा सरकार कोणाचंही असो, तुमच्या आवडीच्या पक्षाचं असलं तरी, हा प्रश्न विचारायचाच. उलट तेव्हा तर जास्त जोरात विचारायचा. विरोधकांच्या चुका कोणीही दाखवतो, आपल्यावाल्यांची चूक दाखवायले हिंमत लागते.

रिमाइंडर लावला की कमेंटमध्ये फक्त प्रभाग क्रमांक टाका. पक्षाचं नाव नको. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.