एक दिवसाचे पिलू : नर की मादी?



21 दिवसांची उबवण पूर्ण होऊन पिलू कवच फोडून बाहेर येते, तेव्हा ते नर आहे की मादी हे नुसते पाहून सांगता येत नाही. तुरा नाही, आरी नाही, आवाजातही फरक नाही. कोंबडीपालनातील नफातोटा मात्र पुष्कळ अंशी याच प्रश्नावर अवलंबून असतो. अंड्यांसाठी तयार केलेल्या जातीची तलंग साधारणतः 18 ते 20 आठवड्यांनी अंडी देऊ लागते. तोवर ती केवळ खाते. त्याच जातीचा नर अंडी तर देत नाहीच, शिवाय त्याच्या अंगावर मांसही बेताचेच चढते. म्हणजे त्याला घातलेले खाद्य अंगावर येते.

या प्रश्नाचे उत्तर अंड्यातच शोधण्याची हौस जुनी आहे. लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा व गोल अंड्यातून कोंबडी निघते, असे सांगणारे लोक गावोगावी भेटतात. कोणी अंड्यावर दोऱ्याला बांधलेली अंगठी धरून तिचे हेलकावे पाहतात. या समजुतींना काडीचाही आधार नाही. अंड्याचा आकार ते घालणाऱ्या कोंबडीच्या शरीररचनेवर ठरतो, आतील गर्भावर नव्हे. दिव्यासमोर अंडे धरले असता ते फळलेले आहे की नाही, एवढेच कळते.

पक्ष्यांत पिलाचे लिंग आईकडून ठरते. कोंबडीजवळ दोन भिन्न लिंगगुणसूत्रे असतात. त्यांपैकी कोणते अंड्यात उतरेल त्यावर नर की मादी हे अवलंबून असते. मनुष्यात नेमके उलट आहे. तेथे हा निर्णय पित्याच्या बीजाने होतो. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांना शिक्षकांनी हा फरक अवश्य समजावून द्यावा.

एक दिवसाच्या पिलाची खात्रीलायक पारख प्रथम जपानमध्ये सिद्ध झाली. तेथील संशोधक कियोशी मासुई व त्यांचे सहकारी हाशिमोतो यांनी पिलाच्या गुदद्वाराच्या आतील बाजूस असलेल्या सूक्ष्म उंचवट्याचा अभ्यास केला. कॅनडातील ओटावा येथे 1927 साली भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही माहिती जगापुढे आली आणि पुढील दशकात जपानी पारखी अमेरिका व कॅनडातील उबवणी केंद्रांतून कामाला जाऊ लागले. पिलू डाव्या हातात धरायचे, अंगठ्याच्या हलक्या दाबाने विष्ठा काढून टाकायची, गुदद्वार किंचित उलटे करून प्रखर दिव्याखाली पाहायचे. टाचणीच्या डोक्याएवढा, घट्ट व चकाकणारा उंचवटा दिसला तर नर. ऐकताना हे सोपे वाटते. तथापि काही माद्यांतही असा उंचवटा असतो, आणि खरी परीक्षा तेथेच होते. मुरलेला पारखी तासाला 800 ते 1200 पिले निवडतो आणि शंभरांत एकदोनदाच चुकतो. परंतु हा हात बसण्यासाठी दीर्घ सराव लागतो. काय पाहिले हे त्याला शब्दांत सांगणे पुष्कळदा जमत नाही, हेही नमूद करण्यासारखे आहे. अननुभवी माणसाने हा प्रयोग करू नये. पिलाच्या आतड्यास इजा होऊन ते दगावते.

दुसरी रीत पंखांची. पिसे लवकर फुटणाऱ्या वाणाचा नर व उशिरा फुटणाऱ्या वाणाची मादी यांचा संकर केला, तर मादी पिलाच्या पंखातील मुख्य पिसे त्यांवरील झाकणपिसांपेक्षा स्पष्ट लांब दिसतात. नरात ती सारखी किंवा आखूड असतात. तिसरी रीत रंगाची. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेदार प्लिमथ रॉक कोंबडी यांच्या नर पिलांच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो, मादीचे डोके सरसकट काळे असते. या दोन्ही रीती आईबापांची जोडी मुद्दाम तशी जुळविली असेल तरच लागू पडतात. गावरान पिलाचा पंख उघडून कोणी बाजारात छातीठोकपणे 'मादीच आहे' असे सांगू लागला, तर त्यावर पैसे मोजू नयेत.

निवडून काढलेल्या नरांचे काय होते, हा या व्यवसायातील अप्रिय भाग होय. बहुतेक देशांत अंड्यांच्या जातींचे नर पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून कायद्याने हे बंद केले आणि अंडे उबत असतानाच गर्भाचे लिंग ओळखण्याची यंत्रे तेथे वापरात आली. आपल्याकडे आठवडी बाजारात हिरवी-गुलाबी रंगवलेली पिले पोरांच्या हट्टाखातर घेतली जातात, ती बहुधा हीच नर पिले. उबेअभावी त्यांतली थोडीच जगतात.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळीच आहे. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत एक दिवसाच्या 100 मिश्र पिलांचा गट आणि 25 तलंगा व 3 नर यांचा गट, असे दोन प्रकारचे गट देण्यात आले. 'मिश्र' या शब्दाचा अर्थ लाभधारकास आधीच उलगडून सांगितला पाहिजे. शंभर पिलांतून शंभर अंडी देणाऱ्या कोंबड्या मिळणार नाहीत. सुमारे निम्मे नर निघतील, आणि काही मरतुकही धरावी लागेल. घरच्या बाईने शंभर कोंबड्यांच्या अंड्यांवर कर्जाचे हप्ते मांडले, तर ते पहिल्याच वर्षी थकतील.

परसातील पिलांत पाचसहा आठवड्यांनी नराचा तुरा मोठा व लालसर होऊ लागतो. पुढे त्याच्या मानेवर व पाठीच्या मागील भागात टोकदार, चकचकीत पिसे येतात, मादीची गोलसर राहतात. त्या वेळी दहा माद्यांमागे एक याप्रमाणे सुदृढ नर ठेवून बाकीचे मांसासाठी विकावेत. अंडी केवळ खाण्यासाठी वा विक्रीसाठी हवी असतील तर तोही नर ठेवण्याचे कारण नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते; ती उबवून पिले मात्र निघत नाहीत.