अर्ज कोठे जातो?



नोकरी मिळवून देणाऱ्या पेढीत आपण अर्ज भरतो. पत्ता, पगार, आजारपण, सारे लिहून देतो. पोटाची निकड असली म्हणजे हा कागद पुढे कोठे जातो, हे माणूस विचारीत नाही. आम्ही युनियनवाले विचारतो; त्याला कारण आहे.

इंग्लंडातील ड्रॉइटविच गावी २००९ साली माहिती आयुक्तांच्या माणसांनी एका कचेरीवर छापा घातला. तेथे ३,२१३ लोकांच्या नोंदी सापडल्या. बहुतेक बांधकामावरचे कामगार. युनियनमध्ये कोण, सुरक्षिततेची तक्रार कोणी केली, हे त्यांत टिपलेले! ४०हून अधिक कंपन्या माणूस कामावर घेण्याआधी तेथे नाव तपासून घेत. काम का मिळत नाही, हे त्या बिचाऱ्याला कळतही नसे.

आपल्याकडे २०२३ साली संगणकातील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. माहिती कोणाला दिली हे विचारण्याचा, चूक सुधारून घेण्याचा, दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क त्यात लिहिला आहे. पण लिहिलेला हक्क मागितल्यावाचून पदरात पडत नाही, हे आम्ही जन्मभर पाहिले. एकट्याचा प्रश्न केराच्या टोपलीत जातो. शंभरांनी विचारले, तर उत्तर द्यावे लागते. तेव्हा मंडळी, सही करण्याआधी विचारा, आणि शेजाऱ्यालाही विचारायला लावा!