टाकीत उतरण्याआधी



आपल्या इंदुरात जुने वाडे पाडून नवी घरं उभी राहत आहेत. भूमिपूजन, वास्तुशांत आपण काटेकोरपणे करतो. तितक्याच काटेकोरपणे पाळायची एक गोष्ट आज सांगतो. ती आहे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची.

टाकीचा स्लॅब भरला की ती कित्येक दिवस बंद असते. आत सेंट्रिंगच्या ओल्या फळ्या आणि साचलेलं पाणी. फळ्या कुजतात तसा आतल्या हवेतला ऑक्सिजन संपत जातो. बाहेरच्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. १० टक्क्यांखाली गेला की माणसाची शुद्ध हरपते. त्याला ना वास, ना रंग. फळ्या काढायला उतरलेला मजूर कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत अनेक जीव जातात ते असे.

म्हणून आपण घरमालकांनी ठेकेदाराला बजावायचं: आदल्या दिवशीच सगळी झाकणं उघडा, काम संपेपर्यंत ब्लोअरने ताजी हवा आत सोडा, गॅस मीटरने हवा तपासा. दिवा सोडून पाहण्यावर विसंबू नका. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर हवा, वर सतत एक माणूस हवा. कोणी कोसळलंच तर मागोमाग उतरायचं नाही; दोराने वर ओढायचं आणि ११२ ला फोन करायचा.

रोजी बुडेल या धास्तीने मजूर ‘उतरत नाही’ असं म्हणणार नाही. ‘थांब’ हे आपण म्हणायचं.

गणपती बाप्पा मोरया!