खेळण्यातल्या विटांचे भारतद्वार
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



सभागृहाच्या कोपऱ्यात मेजावर जी वास्तू ठेविली आहे, तिजविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही म्हणजे बालविभाग पाहणारी पाच माणसे आणि दर रविवारी न चुकता येणारी मुले. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया लेगोच्या विटांतून उभारावे ही कल्पना मुलांची. तिच्यापायी झालेल्या चुका मात्र बहुतेक आमच्या.

हा विषय मंडळापुढे आला तेव्हा एका वयोवृद्ध सभासदांनी विचारले की, परक्या राजाच्या स्वागताची कमान आपण कशासाठी उभारावी? प्रश्न रास्त होता. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा तेथे दगडाची कमान नव्हतीच. त्यांनी पाहिला तो पुठ्ठ्याचा देखावा! पायाचा दगड ३१ मार्च १९१३ रोजी बसला, जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ साली मंजूर झाला आणि वास्तूचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडून बोटीवर चढली. हे ऐकून ते सभासद म्हणाले, “मग करा. पण तोंड कोणत्या बाजूस, ते विचारून करा.” त्या वेळी आम्ही हसलो. पुढे हाच प्रश्न आम्हांस सतावणार आहे, हे तेव्हा कळले नाही.

लेगोचा उगम डेन्मार्कमधील बिलुंड या गावी. ओले किर्क क्रिस्टियान्सेन या सुताराने १९३२ साली तेथे लाकडी खेळणी करावयास आरंभ केला. वर उंचवटे आणि आत नळ्या असलेल्या आजच्या विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे. त्या साली केलेली वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. हे सातत्य आम्हांस फार आवडते. कंपनीने २००८ साली ताजमहालाचा संच काढला, त्यात ५,९२२ तुकडे होते. तो विकत घ्यावा असे सुचविणारेही भेटले. परंतु दुसऱ्याने आखलेले जोडणे निराळे आणि आपण आखणे निराळे.

प्रथम प्रमाण ठरविले, शंभरास एक. मूळ वास्तूची उंची सुमारे २६ मीटर, म्हणून आमची २६ सेंटिमीटर. एक वीट ९.६ मिलिमीटर उंच. अर्थात सत्तावीस थर. दोन उंचवट्यांतील अंतर ८ मिलिमीटर. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट, म्हणून त्यास अठरा उंचवटे. उंची ठाऊक असल्यामुळे बाकीची मापे छायाचित्रावर पट्टी ठेवून काढली. छायाचित्र मात्र दुरून आणि समोरून घ्यावे लागते. जवळून घेतले की माथा निमुळता होतो आणि सर्व हिशेब फसतो. आमचे दोन रविवार याच धड्यात गेले. मुलांचा आग्रह होता की कमानीखाली खेळण्यातली माणसे उभी करावी. पण तो बाहुला चार सेंटिमीटरांचा, म्हणजे आमच्या प्रमाणात चार मीटर उंचीचा! मुले थोडी हिरमुसली. जाळीकामाचाही मोह सोडावा लागला. जेथे एक उंचवटा म्हणजे ऐंशी सेंटिमीटर, तेथे नक्षी कोठून येणार?

खरी परीक्षा कमानीची. दगडी कमानीत दगड एकमेकांस रेटून धरतात. ही वीट रेटीत नाही, खालच्या विटेस धरून राहते. म्हणून प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित पुढे काढीत दोन्ही बाजू माथ्याशी भेटवाव्या लागतात. नुसत्या विटांनी केले तर जिना दिसतो. विटेच्या एकतृतीयांश जाडीच्या चपट्या पट्ट्या असतात. त्या वापरून खाली सावकाश आणि माथ्याशी भरभर पुढे सरकत गेलो, तेव्हा कोठे टोकदार कमानीची वळणदार रेषा उमटली.

ती पहिली कमान मेजावरून उचलताच मधोमध उभी दुभंगली. एक मुलगी रडू लागली. तिचा शनिवार-रविवार त्यात गेला होता. गवंडीकामात जन्म घालविलेल्या आपल्या एका ज्ञातिबंधूंनी तुकडे पाहिले आणि एवढेच म्हटले, “सांध्यावर सांधा आलाय.” लेगोची वीट काय आणि भाजलेली वीट काय, नियम एकच! आम्ही आकार पाहत होतो, बांधणी पाहिलीच नव्हती. सर्व उकलून पुन्हा आरंभ केला. या वेळी ती मुलगी प्रत्येक थर तपासूनच पुढे जाऊ देई.

आता रंगाविषयी. नवे संच घेण्यास निधी नव्हता आणि शिष्यवृत्तीच्या पैशास हात लावण्याची आमची इच्छा नव्हती. म्हणून विटा घरोघरून मागून आणिल्या. मूळ वास्तू पिवळसर बेसाल्टची. आमच्यापाशी तांबड्या, निळ्या आणि हिरव्याच फार. रंग फासावा असे कोणी सुचविले, पण दुसऱ्याच्या मुलाची वीट रंगवून परत कशी करावी? पिवळ्या विटा एकाच दर्शनी बाजूस पुरत होत्या. मग ती बाजू शहराकडील की समुद्राकडील? मतभेद तीव्र झाले. अखेर मांडव्याहून लाँचने येणाऱ्या एका आजीबाई म्हणाल्या, “आम्हांला तर ती पाण्यावरूनच दिसते.” निर्णय झाला. शहराकडील बाजू सप्तरंगी राहिली आणि ती झाकावी म्हणून आम्ही मेज भिंतीस लाविले.

आज सकाळी येऊन पाहतो तो मुलांनी मेज फिरवून ठेविलेले! आम्ही ते तसेच राहू दिले आहे.

सूचना एकच. उद्या संध्याकाळी पाच वाजता वास्तू उकलावयाची आहे. ज्यांनी विटा दिल्या त्यांनी मुलांसह यावे आणि पिशव्या आणाव्या. कोणाची वीट कोणती, याची यादी आमच्यापाशी आहे. दोन निळ्या विटा तेवढ्या कोणाच्याच नावावर लागत नाहीत.