विश्वासाची ठेव : शालेय समुपदेशन आणि गोपनीयता

(इंदूर येथे शिक्षक व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



होळकरांच्या काळापासून ज्या नगरीत मराठी कुटुंबे नांदत आली, त्या इंदूरमध्ये मराठीतून चार शब्द बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी संयोजकांचा आभारी आहे. आजचा विषय शाळेतील समुपदेशन आणि त्यातील गोपनीयता हा आहे. मी समुपदेशक नाही. कला शाखेचा पदवीधर असून शासनाच्या प्रसिद्धीचे काम करतो. लोकांना माहिती सांगणे हा ज्याचा व्यवसाय, त्याने न सांगण्याविषयी बोलावे, हे काहीसे विपरीत वाटेल. परंतु या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे आणि तिने मला जे शिकविले, त्याच्या आधारावर मी आपणांपुढे उभा आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका खेड्यातील शाळेत मुलांशी बोलण्यासाठी आठवड्यातून एक दिवस एक बाई येत असत. नववीतील एक मुलगी घरच्या मारहाणीला कंटाळून शाळा सोडण्याच्या बेतात होती. बाईंजवळ तिने मन मोकळे केले आणि ती शाळेत टिकली. मुख्याध्यापकांनी ही हकिकत मला मोठ्या कौतुकाने सांगितली व मी तितक्याच उत्साहाने तिचे वृत्त तयार केले. मुलीचे नाव मी दिले नाही. गावाचे नाव, इयत्ता आणि वडिलांचा धंदा मात्र दिला. त्या गावात तो धंदा करणारे घर एकच होते. वृत्त छापून आले, त्याचे कात्रण शाळेच्या फलकावर लागले आणि दोन दिवसांत सारे गाव त्या घराकडे बोट दाखवू लागले. मुलगी बाईंकडे येईनाशी झाली. तिच्यापाठोपाठ इतर मुलेही येईनाशी झाली. पुढे भेट झाली तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, “साहेब, नाव आपण लिहिले नाही हे खरे, पण गावाने ते वाचले.”

माझ्या मनात वाईट हेतू नव्हता. मुख्याध्यापकांच्याही नव्हता. मुलांची गुपिते बहुधा अशीच, कौतुकाने, काळजीने किंवा केवळ बोलण्याच्या ओघात बाहेर पडतात. म्हणूनच या विषयाचा विचार सद्‌हेतूवर न सोडता नियमाने करावयास हवा.

आपल्या देशात शालेय मार्गदर्शनाचा आरंभ प्रामुख्याने व्यवसायाची निवड या प्रश्नातून झाला. तत्कालीन मुंबई राज्याने १९५० मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था काढली. पुढे डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हे शिक्षणाचेच अंग मानले आणि माध्यमिक शाळांसाठी निदान दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असे सुचविले. मुलाने विज्ञान घ्यावे की वाणिज्य, या प्रश्नात लपविण्यासारखे फारसे काही नसते. परंतु आज समुपदेशकापुढे येणारे मूल घरातील भांडण, परीक्षेची धास्ती, वर्गातील छळ, शरीराविषयीची भीती, कधी कधी तर जीव नकोसा झाल्याची भावना घेऊन येते. प्रश्नांचे स्वरूप बदलले, त्याबरोबर गोपनीयतेचे महत्त्वही वाढले.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सांगितले आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावयाचा आहे. विशाखापट्टणम येथे शिकणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणातून हा निर्णय झाला. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी गावोगावची मुले इंदूरमध्येही येऊन राहतात. तेव्हा या निर्णयाचा अर्थ येथील पालकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र नेमणूक झाली, खोली मिळाली, दारावर पाटी लागली, एवढ्याने काम होत नाही. त्या दारातून मूल आत जाईल की नाही, हे आत बोललेले बाहेर येते की नाही यावर अवलंबून असते.

मुलाने सांगितलेली गोष्ट ही समुपदेशकाकडे ठेवलेली ठेव आहे. ठेव सांभाळणारा तिचा मालक नसतो. ती त्याने वापरावयाची नसते, वाटावयाची तर नाहीच. व्यवहारात मात्र काय घडते? शिक्षक-कक्षात चहा घेताना कोणी सहज विचारतो, “तो तुमच्याकडे का येतो हो?” आणि तितक्याच सहजपणे उत्तर दिले जाते. समुपदेशनाची नोंदवही टेबलावर उघडी राहते. वर्ग चालू असताना शिपाई दारात येऊन मोठ्याने नाव घेतो आणि चाळीस मुलांच्या माना वळतात. अलीकडे त्यात शाळेच्या व्हॉट्सॲप गटाची भर पडली आहे. पूर्वी जी गोष्ट गावात पसरण्यास दोन दिवस लागत, तिला आता दोन मिनिटे पुरतात, आणि ती पुसूनही टाकता येत नाही.

विद्यार्थ्याचा खासगीपणा हा केवळ मनापुरता नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये याच इंदूर शहरातील एका शासकीय कन्या शाळेत भ्रमणध्वनी शोधण्यासाठी मुलींची कपडे उतरवून झडती घेतल्याची तक्रार झाली आणि हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेला. त्या तक्रारीच्या निर्णयाविषयी बोलणे हे माझे काम नाही. परंतु शिस्तीच्या नावाखाली मुलाच्या अंगाला, दप्तराला, चिठ्ठीला वा रोजनिशीला हात घालण्यापूर्वी शाळेने थांबून विचार करावा, एवढा बोध आपण सर्वांनी घ्यावयास हरकत नाही. ज्या शाळेत मुलाच्या देहाची प्रतिष्ठा राखली जात नाही, तेथे ते मनातले सांगेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपुरता नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या मूलतत्त्वांत बालकाचा खासगीपणा व गोपनीयता यांचा हक्क नमूद केला असून, त्याच अधिनियमाच्या कलम ७४ अन्वये चौकशीत किंवा न्यायालयीन कामकाजात गुंतलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा वा ओळख पटविणारा अन्य तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. शाळेचे नावसुद्धा छापू नये असे कायदा का म्हणतो, हे मला माझ्या त्या वृत्तानंतर नीट उमगले.

येथे पालकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. मूल आमचे; मग आमच्यापासून लपविण्यासारखे काय आहे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. समुपदेशक हा आईवडील आणि मूल यांच्यामधील भिंत नव्हे. बहुतेक प्रसंगी त्याचा प्रयत्न हाच असतो की, मुलाने स्वतः घरी बोलावे. पण त्यासाठी मुलाला थोडा अवधी द्यावा लागतो. “आज ती काय काय बोलली?” असे विचारण्याऐवजी “तिला मदत व्हावी म्हणून आम्ही घरी काय करावे?” असे पालकांनी विचारले, तर समुपदेशकाला गुपित न मोडता खूप काही सांगता येते. आणि जेथे पालकांना सांगणे आवश्यकच ठरते, तेथे आधी मुलाला तसे सांगावे, काय सांगणार हे त्याच्याशी ठरवावे. मुलाच्या पाठीमागे केलेला उपकार त्याला विश्वासघातच वाटतो.

आता या विषयाची दुसरी बाजू. गोपनीयतेला मर्यादा आहेत, आणि त्या न ओळखणे हे गुपित फोडण्याहूनही घातक ठरू शकते. मूल स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारात असेल, त्याच्याकडून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा त्याच्यावर अत्याचार होत असेल, तर गप्प बसता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर कायद्याने पर्यायच ठेवलेला नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, ज्याला आपण ‘पॉक्सो’ म्हणतो, त्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याचा संभव असल्याचे ज्याला कळेल, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला वा स्थानिक पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. आणि आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध संस्थेच्या प्रमुखाने न कळविल्यास एक वर्षापर्यंत कारावास व दंड, अशी तरतूद कलम २१ मध्ये आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणाचा येथे उल्लेख करतो. तेथील अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचाराचा गुन्हा २०१९ मध्ये नोंदला गेला. मुलींवर उपचार करणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकाला अत्याचाराची माहिती असूनही त्याने ती कळविली नाही, असा आरोप होता. त्याच्याविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला आणि माहिती असूनही न कळविणे हा गंभीर अपराध असल्याचे सांगितले. मुलांचे गुपित राखणे हे एक आणि अपराध्याचे गुपित राखणे हे दुसरे. संस्थेची अब्रू, गावाची अब्रू, घराण्याची अब्रू या नावांनी जे झाकले जाते, ते बहुधा या दुसऱ्या प्रकारचे असते.

परंतु पोलिसांना कळविणे म्हणजे गावाला कळविणे नव्हे. हाच कायदा सांगतो की, बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावा. कलम २३ नुसार बालकाची ओळख वृत्तपत्रांत वा अन्य माध्यमांत उघड करता येत नाही. तेव्हा ज्याला सांगणे भाग आहे त्यालाच, आणि जेवढे सांगणे भाग आहे तेवढेच सांगावे. हे एक सूत्र लक्षात ठेवले तर अर्ध्या अडचणी सुटतात.

ही मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत, सोप्या शब्दांत सांगितली पाहिजे. “तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका आहे, कोणी तुला इजा करीत आहे असे कळले, तर तुला वाचविण्यासाठी मला मदत घ्यावी लागेल. ती कोणाची, हे तुला आधी सांगेन.” “कोणालाही, कधीही सांगणार नाही” असे वचन देणे सोपे असते, परंतु ते खोटे ठरले तर मूल पुन्हा कोणत्याही मोठ्या माणसावर विश्वास ठेवीत नाही.

शाळांनी करावयाच्या गोष्टी साध्या व अल्पखर्चाच्या आहेत. बोलण्याची जागा अशी असावी की, आतील माणसे दिसावीत पण शब्द बाहेर ऐकू येऊ नयेत. नोंदी कुलपाच्या कपाटात असाव्यात व किल्ली एकाकडेच असावी. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक घालावा आणि आवश्यक तेवढेच लिहावे. या नोंदी प्रगतिपुस्तकाला वा शाळा सोडल्याच्या दाखल्याला कधीही जोडू नयेत. मुख्याध्यापकांनी महिन्याला किती मुले आली हे जरूर विचारावे. कोण आली, हे अकारण विचारू नये. जेथे शिक्षकालाच समुपदेशकाचे काम करावे लागते, तेथे त्याने त्या खोलीत ऐकलेले वर्गात बोलून दाखवू नये, टोमण्यातसुद्धा नाही. आणि गावातील वडीलधाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की, अमक्याची मुलगी समुपदेशनाला जाते असे कानावर आले, तर तो विषय तेथेच थांबवावा. ताप आला म्हणून दवाखान्यात गेलेल्या मुलाला आपण नावे ठेवीत नाही.

संकटातील बालकांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यविषयक साहाय्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत. ते प्रत्येक शाळेच्या फलकावर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहावेत, अशी माझी सूचना आहे.

जिच्याविषयी मी ते वृत्त लिहिले, ती मुलगी पुढे दहावीच्या परीक्षेला बसली, एवढे मला कळले. पुन्हा कोणाजवळ तिने मन मोकळे केले की नाही, हे कळण्याचा मार्ग मी स्वतःच बंद केला होता. तेव्हापासून कोणत्याही मुलाची हकिकत प्रसिद्धीसाठी माझ्या टेबलावर आली म्हणजे मी ती त्याच्या गावचा रहिवासी होऊन एकदा वाचतो. ओळख पटली, तर तो कागद मी परत करतो. आपणही आपापल्या जागी एवढे करावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.