आधी पडून दाखवा

मी रायपूरच्या पुरानी बस्तीतून बोलतोय. मागे गलका ऐकू येतोय तो महामाया मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याचा, तो काही बंद करता येणार नाही. आमचं मराठीही या रस्त्यासारखंच, हिंदी-छत्तीसगढी मिसळलेलं. सांभाळून घ्या.

निवृत्त फौजी बोलायला बसला की लोकांना वाटतं, आता सीमेवरच्या गोष्टी निघणार. आज तसं नाही. आज विषय आहे कुंग फूचे जुने विनोदी सिनेमे. हसायला हरकत नाही, विषयच तसा आहे. पण शेवटी एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे, तीही सांगणार आहे.

१९८४चा उन्हाळा. मी सुट्टीवर घरी आलो होतो. तेव्हा व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी भाड्याने मिळायचा. रात्रभरात तीन पिक्चर बघून पैसे वसूल करायचे. अंगणात सतरंज्या टाकल्या, अर्धी गल्ली जमली. दोन हिंदी पिक्चर झाले. तिसरी कॅसेट दुकानदाराने स्वतःच्या मनाने दिली होती, ‘ड्रंकन मास्टर’. त्यातलं इंग्रजी डबिंग कोणाला धड कळत नव्हतं. तरी रात्री दोन वाजता एकही माणूस उठला नाही. माझे वडील शाळामास्तर, सिनेमाला थिल्लरपणा म्हणणारे. तेही धोतराच्या सोग्याने डोळे पुसत हसत होते. त्यांना असं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

असं काय होतं त्यात?

थोडं मागे जाऊ. २० जुलै १९७३ला ब्रूस ली गेला. ‘एंटर द ड्रॅगन’ त्यानंतर महिन्याभराने आला. ब्रूस ली कसा होता? ताठ, संतापलेला, विजेसारखा. तो गेल्यावर हाँगकाँगमध्ये जो तो दुसरा ब्रूस ली शोधायला लागला. जॅकी चॅनलाही त्याच साच्यात घालून बघितलं. जमलं नाही. मग १९७८मध्ये युएन वू-पिंग या दिग्दर्शकाने त्याला घेऊन लागोपाठ दोन सिनेमे केले, ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ आणि ‘ड्रंकन मास्टर’. याच युएन वू-पिंगने पुढे ‘मेट्रिक्स’ची मारामारी बसवली.

चॅनने काय केलं? ब्रूस लीच्या बरोबर उलट. ब्रूस लीला लागत नाही, चॅनला लागतं. ठोसा मारला की तो हात झटकतो, तोंड वाकडं करतो. घाबरला की पळतो. गंमत अशी, की ‘ड्रंकन मास्टर’मध्ये तो वाँग फेई-हुंग झालाय. हा चीनचा खराखुरा नामांकित उस्ताद. त्याच्यावर आधी कितीतरी सिनेमे निघाले होते, त्यांत तो धीरगंभीर, पूजनीय. इथे तो बापाचं नाव घालवणारा उनाड पोरगा दाखवलाय. थोर माणूससुद्धा कधीतरी ढ होता, हे बघून माणसाला बरं वाटतं.

दुसरं म्हणजे यात फसवाफसवी कमी. कॅमेरा लांब उभा. डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो. चार-चार, पाच-पाच हालचाली मध्ये न तोडता होतात. चॅन आणि त्याचा जोडीदार सॅमो हुंग लहानपणी एकाच चिनी ऑपेराच्या शाळेत शिकले. उलट्या कोलांट्या, गाणं, अभिनय, मार, सगळं तिथलंच. म्हणून त्यांच्या मारामारीला ताल आहे. आमच्या छत्तीसगढच्या नाचात जोक्कड रात्रभर लोकांना हसवतो, तमाशात सोंगाड्या हसवतो, त्यांचाही विनोद असाच अंगात मुरलेला असतो. आपले मास्टर भगवान आधी स्टंटपट करायचे आणि मग ‘अलबेला’त लोकांना हसवत नाचले, तेही याच जातकुळीतले.

तिसरी गोष्ट फौजी माणसाला लगेच कळते. या सिनेमांत खरी कथा लढाईची नसते, ट्रेनिंगची असते. म्हातारा दारुडा गुरू पोराला उलटा टांगतो. खालच्या बादलीतलं पाणी छोट्या कपाने, पोटाला पीळ देत, वरच्या बादलीत भरायचं. पोरगा कंटाळून पळून जातो. बाहेर एका गुंडाकडून सपाटून मार खातो, पार लाज जाते. आणि मग स्वतःच्या पायांनी गुरूकडे परत येतो.

आता माझी गोष्ट.

त्या सुट्टीनंतर काही वर्षांनी मी एका ट्रेनिंग सेंटरमध्ये होतो. एक रंगरूट होता, खेड्यातला, अंगाने मजबूत, पण आडव्या दोरावरून खड्डा पार करायचा म्हटलं की मधेच लटकायचा आणि चिखलात पडायचा. तीनदा पडला. चौथ्यांदा पडल्यावर मी सगळ्यांसमोर काहीतरी बोललो. काय बोललो ते आज सांगायची लाज वाटते. अख्खी कंपनी हसली. मला वाटलं, मी वातावरण हलकं केलं.

संध्याकाळी आमचे सुभेदारसाहेब माझ्याकडे आले. सावधान उभे राहून म्हणाले, “साहेब, हसवायचं असेल तर आधी स्वतः पडून दाखवा.” मी मान हलवली आणि विषय सोडून दिला. त्या पोराने पुढच्याच महिन्यात नाव कापून घेतलं आणि घरी गेला. सिनेमातला पोरगा परत येतो. आमचा आला नाही.

मला सुभेदारसाहेबांचं बोलणं पुरतं कळलं ते निवृत्तीनंतर, नातवाबरोबर चॅनचे सिनेमे पुन्हा बघताना. त्यातल्या काहींच्या शेवटी, नावं येत असताना, फसलेले शॉट दाखवतात. ‘प्रोजेक्ट ए’ हा १९८३चा. त्यात तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छतं फाडत खाली येतो. हॅरॉल्ड लॉइडच्या १९२३च्या मूकपटाला केलेला तो सलाम आहे. ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी झाडावरून पडून त्याची कवटी फुटली, तेही तो लपवत नाही. हसण्याआधी किंमत त्याने स्वतः मोजलेली असते. मी वर काठावर उभा राहून हसलो होतो. दोन्ही हसण्यांत फरक आहे तो एवढाच, पण तेवढ्याने एका पोराचं आयुष्य दुसरीकडे वळलं.

आणि सिनेमांचं नको तेवढं कौतुकही नको. ती ऑपेराची शाळा छडीच्या जोरावर चालायची. सिनेमातल्या गुरूचा छळ बघायला मजेदार वाटतो, सोसायला नसतो.

आता मी इथल्या मैदानावर सकाळी काही पोरांना अग्निवीर भरतीची तयारी करून देतो. १.६ किलोमीटर धावणं, बीमवर पुलअप्स, ९ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणं. खड्ड्याला एक पोरगा बिचकायचा. परवा मी म्हटलं, थांब, मी दाखवतो. साठीच्या पुढचा माणूस, गुडघ्यांचं काय सांगू! धावलो, उडी मारली आणि सरळ खड्ड्यात. मुद्दाम नाही हो, खरोखरच पडलो. क्षणभर सगळे गप्प. मग एकाने विचारलं, “सर, लगी तो नहीं?” मी म्हटलं, “लगी है, बहुत.” मग जी पोरं हसली, मीही हसलो. तो बिचकणारा सगळ्यात जोरात हसला. त्या दिवशी त्याने अकरा वेळा उडी मारली. नऊ वेळा पडला.

तेव्हा एखाद्या रात्री घरच्यांना बसवून ‘ड्रंकन मास्टर’ लावा. त्यात आठ डाव शिकायचे असतात. आठवा बायकी वाटतो म्हणून पोरगा तो टाळतो, आणि शेवटच्या लढाईत नेमकी त्याचीच गरज पडते. मग तो तिथल्या तिथे स्वतःचा आठवा डाव रचतो. माझाही एक धडा असाच राहून गेला होता. उशिरा का होईना, गिरवतोय.