डोंगरातलं तळं कोणाचं?

(पांढरकवडा येथील बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)



कापसाच्या भावाच्या बैठकीत तळ्याचं बोलणं कशाला, असं काहींना वाटेल. भावाची लढाई सुटलेली नाही आणि सुटणारही नाही. पण भाव मागायला आधी घरात कापूस यावा लागतो. कोरडवाहू पऱ्हाटीचं काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. सप्टेंबरात पाऊस पाठ फिरवतो, ऑक्टोबरात बोंडं भरायची वेळ येते आणि नेमकी तेव्हा जमीन भेगाळते. त्या वेळी एक पाणी, फक्त एक पाणी मिळालं तर काय फरक पडतो, हे ज्याच्या विहिरीला पाणी असतं त्याच्या धुऱ्यावर उभं राहून आपण पाहिलेलं आहे. ते एक पाणी कुठून आणायचं, एवढाच आजचा विषय.

पांढरकवड्याहून घाटंजीच्या बाजूला पाहिलं की टिपेश्वरचे डोंगर दिसतात. टिपाई मातेच्या नावावरून पडलेलं हे नाव. केळापूर आणि घाटंजी या दोन तालुक्यांत पसरलेलं हे सागाचं रान १९९७ साली अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. पोटातली टिपेश्वर आणि मारेगाव ही गावं पुढे उठली, लोक खाली आले. डोंगर राहिला, रान राहिलं आणि डोंगराच्या कुशीत अडलेलं पाणी राहिलं. असे लहान तलाव, बंधारे, पाणवठे आत आहेत, आणि तशीच तळी डोंगराच्या पायथ्यालाही, म्हणजे आपल्या शिवाराच्या डोक्याशी, आहेत.

अशा तळ्याचं चालतं कसं, ते आधी समजून घेऊ. आपला डोंगर काळ्या खडकाचा. हा खडक एकसंध नाही. घट्ट थर, त्यावर फुटका, भोकाभोकांचा थर, पुन्हा घट्ट, अशी त्याची रचना आहे. विहीर खोदणाऱ्याला हे माहीत असतं. हाताला कधी मुरूम लागतो, कधी सुरुंगाशिवाय न हलणारा पाषाण. डोंगरावर पडलेलं पाणी फुटक्या थरात शिरतं, घट्ट थरावर अडतं आणि आडवं चालत खाली कुठेतरी झरा म्हणून बाहेर पडतं. तळं अशा थरावर बसलेलं असलं तर ते वरून भरतं आणि खालून पाझरतं. हा पाझर वाया जात नाही. तळ्याखालच्या विहिरींना जानेवारीपर्यंत जे पाणी टिकतं, ते त्याचंच.

आता हिशेब करू. चार हेक्टरचं, म्हणजे दहा एकरांचं एक तळं समजा. सरासरी खोली दोन मीटर. त्यात आठ कोटी लिटर पाणी मावतं. त्याच्या वर दोनशे हेक्टर डोंगर असेल, वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा जरी वाहून खाली आला, तरी ते पाणी ३६ कोटी लिटर होतं. म्हणजे चांगल्या वर्षी तळं चारदा भरून सांडेल. पाण्याचा तोटा नाही. साठवायला जागा नाही.

त्या आठ कोटी लिटरपैकी निम्मं पाणी ऑक्टोबरात वावरात सोडलं तर किती पुरेल? एका हेक्टरला पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं तर पाच लाख लिटर लागतं. चार कोटीत ऐंशी हेक्टर भिजतं. म्हणजे जवळजवळ दोनशे एकर पऱ्हाटीला एक पाणी. लहानशा तळ्यातून. पाटात थोडं मुरेल, दहा-पंधरा एकर कमी धरा. तरीही एका गावच्या वीस-पंचवीस घरांचा हंगाम त्यात आहे.

कोणी म्हणेल, पाणी वापरून टाकलं तर उन्हाळ्यात ढोरांनी काय प्यावं? प्रश्न बरोबर आहे, पण उन्हाचा हिशेबही करायला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास वाफ होते. चार हेक्टरच्या तळ्यातून एका दिवसात चार लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर रोज वर जातात आणि त्याची पावती कोणी फाडत नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत मीटरभराच्या वर पाणी ऊन पिऊन टाकतं. उथळ तळं राखून ठेवणं म्हणजे ते सूर्याला खंडानं देणं. तळं पसरट नको, खोल पाहिजे. मधोमध एक डोह असा पाहिजे की वरचं निम्मं पाणी दिवाळीआधी वावरात गेलं तरी डोहात मृगापर्यंत ओल राहील.

आणि इथेच घोडं अडतं. तळी उथळ होत चालली आहेत.

दरसाल डोंगरावरून माती येते. उन्हाळ्यात रानाला वणवा लागतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून पालापाचोळा जाळतात, तेंदूच्या नव्या फुटीसाठी आग लावतात, कधी बिडीचं थोटुक पुरतं. गवत जळालं की मृगाच्या पहिल्या सरीला धरून ठेवायला काही उरत नाही. राख आणि माती सरळ तळ्यात. सागाखाली आधीच गवत विरळ असतं, त्यात आग. चार हेक्टरच्या तळ्यात एक फूट गाळ बसला की सव्वा कोटी लिटर पाण्याची जागा गेली. वरच्या हिशेबातले पन्नास-साठ एकर एका फुटात बुडाले.

मग काठानं बेशरम वाढते. ही वनस्पती आपली नाही, बाहेरून आलेली. ढोरं तिला तोंड लावत नाहीत. ती मूळ धरते, गाळ अडवते आणि काठ आत आत सरकतो. तिच्या जागी पूर्वी जे पाणगवत आणि लव्हाळं होतं त्यात मासळी अंडी घालत होती, बदकं खात होती. मरळ, मागूर अशा आपल्या माशांना ती झुडपं लागतात. नुसतं रोहू-कटल्याचं बीज विकत आणून सोडलं की ते तळं राहत नाही, हौद होतो.

आता गोंदिया जिल्ह्याकडे जाऊ. तिथे हेच काम लोकांनी तीनशे वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं नवेगावबांध. चारी बाजूंनी डोंगर. त्यांच्यामधल्या खिंडी बांधून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी या माणसानं हा तलाव उभा केला. पाण्याचा पसारा अकरा चौरस किलोमीटरच्या घरात. डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात आणि कोलू पाटलाला देव करून कोलासूर म्हणून पुजतात. मंत्र्यांच्या नावाचे फलक लागतात आणि गळून पडतात. तलाव बांधणाऱ्या शेतकऱ्याचा मात्र देव झाला. आम्हाला हे फार आवडतं.

नवेगाव मोठं, पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या भागात असे लहानमोठे साडेसहा हजारांच्या वर तलाव आहेत. मालगुजारी तलाव म्हणतात त्यांना. सांगतात, गोंड राजांनी कोहळ्यांना वचन दिलं होतं की रान तोडून जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन. कागद असो नसो, गोष्टीतलं अर्थकारण पक्कं आहे. ज्याची मेहनत त्याची मालकी. म्हणून उन्हाळ्यात गाव पाळीवर माती टाकायला उतरत होतं आणि पाण्याच्या पाळ्या ठरत होत्या. ढिवरांची मासळी, कोणाचे शिंगाडे, कोणाची कमळं, सगळ्यांचा वाटा त्या एका पाण्यात होता.

१९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१ला ती मालमत्ता सरकारजमा झाली. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजार काही साधुसंत नव्हते. खंडासाठी कुळांना पिळणारे होते, त्यांच्यासाठी आम्ही डोळ्यांत पाणी आणणार नाही. पण मालगुजाराच्या हातून तलाव निघाला तो गावाच्या हाती आला नाही, सरकारच्या हाती गेला. पाण्याचा जुना हक्क लोकांकडे राहिला, दुरुस्ती सरकारकडे गेली. जुन्या हक्काच्या पाण्याचा पैसा मिळत नाही म्हणून सरकारनं दुरुस्तीत हात आखडला, आणि तलाव आपला नाही म्हणून गावानं घमेलं खाली ठेवलं. गाळ मात्र कोणाची परवानगी न घेता बसत राहिला. अलीकडे त्या भागात काही ठिकाणी ढिवर बाया पुन्हा तळ्यात उतरल्या, बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या. सारस पक्षी राज्यात मोजकेच उरले आहेत, ते मुख्यतः त्याच गोंदिया जिल्ह्याच्या तळ्यांच्या आणि धानाच्या आधारानं.

आपल्या वऱ्हाडात मालगुजारी नव्हती, रयतवारी होती. काळी जमीन पावसावर पिकत होती, म्हणून तलाव बांधायची फारशी चालही नव्हती. आपल्याकडची बरीच तळी १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीत खोदली गेली. खडी आपण फोडली, माती आपल्या बायांनी वाहिली. मजुरी मिळाली, ठीक. पण मस्टर बंद झालं त्या दिवशी तळ्याशी असलेलं नातंही बंद झालं. आज अशा तळ्याचा मालक शोधायला निघा. शंभर हेक्टरच्या आत भिजवणारं असेल तर जिल्हा परिषदेकडे बोट दाखवतात. काही मृद व जलसंधारण विभागाकडे आहेत. जमीन वनाची असली तर वनखातं. मासळीचा ठेका तिसरीकडून निघतो. गाळाला धनी नाही.

वाघाचा विषय टाळून चालणार नाही. हे डोंगर आता वाघाचे म्हणून ओळखले जातात. २०१९ साली टिपेश्वरातून निघालेला एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याची चाल मोजता आली, ती हजार किलोमीटरच्या वर भरली. पेपरवाल्यांना त्याचं कौतुक, असू द्या. इकडे राळेगाव-पांढरकवडा भागात माणसं मेली, दिवस मावळायच्या आत वावरातून परतायची वेळ आली, आणि नोव्हेंबर २०१८मध्ये बोराटीच्या रानात वाघीण मारली गेली, तेव्हा मेलेल्यांची घरं सोडून सगळ्या देशाला दुःख झालं. हे आम्ही विसरलेलो नाही.

तरीही आमचं म्हणणं असं आहे, की अभयारण्याच्या आतल्या तळ्याचं पाणी आपण मागायचं नाही. यात उदारपणा नाही, व्यवहार आहे. वर पाणी आटलं की चितळ, रोही, रानडुक्कर खाली उतरतात आणि त्यांच्या मागे वाघ उतरतो. वर पाणी असलं म्हणजे डुकरं येणारच नाहीत, असंही आम्ही सांगत नाही. ज्वारी निसवली की ती भरल्या पावसाळ्यातही येतात. डुकरांच्या भीतीनं किती वावरांतून ज्वारी उठली आणि तिच्यामागे कडबा उठला, कडब्यामागे बैल, ते प्रत्येक गावात मोजता येईल. पण एप्रिल-मेमध्ये नाल्याच्या डबक्यावर ढोर आणि वाघ समोरासमोर येणं, एवढं तरी वरच्या पाण्यानं टळतं. म्हणून आतली तळी वनखात्यानं खोल राखावीत, ही मागणी आपलीच आहे. वनाधिकाऱ्यांनी ती आपल्याला ऐकवावी अशी पाळी येऊ देऊ नका.

आपलं भांडण पायथ्याच्या तळ्यांसाठी आहे, हद्दीबाहेरच्या. तिथला गाळ मागायचा. २०१७ साली सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली. गाळ फुकट, यंत्राच्या डिझेलची सोय योजनेतून, वाहून नेणं शेतकऱ्यानं, अशी तिची रीत. आमच्या मते ही त्यातल्या त्यात शहाणी योजना आहे, कारण ती दोन्ही टोकांना कामाची. वर चार हेक्टरात एक फूट गाळ काढला तर तीन घनमीटरच्या चार हजार ट्रॉल्या भरतात. बरड वावरावर तो पसरला तर जी जमीन पंधरा दिवसांच्या उघाडीला माना टाकते, ती आठवडाभर जास्त धरते. मात्र नदीच्या वाळूसारखा हा माल कंत्राटदाराच्या हाती गेला की वीटभट्टीवर दिसेल. ट्रॉली कोणत्या गटावर खाली झाली त्याची वही ग्रामसभेनंच ठेवावी. आणि गाळ काढताना पाळीच्या पायाला हात लावू देऊ नका. पाळीपासून अंतर सोडून, मधोमध डोह होईल असं खोदा. मुरमाच्या खाली फुटका खडक उघडा पडला तर थांबा, नाहीतर तळं भरेल आणि महिन्यात रिकामं होईल.

हक्काचे कागदही आहेत. १९६६च्या महसूल संहितेत विदर्भासाठी निस्तारपत्रकाची तरतूद आहे. गावानं पूर्वापार काय काय वापरलं त्याची ती नोंद. २००६च्या वनहक्क कायद्यात तळ्यातली मासळी आणि इतर उत्पन्न यावरचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. तो वनजमिनीवरच्या पाण्याला लागू होतो. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं २००९ साली त्या कायद्याखाली जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, तो अर्ज ग्रामसभेनं भरला होता, वकिलानं नव्हे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं एवढं करायचं. आपल्या शिवाराच्या डोक्यावरचं तळं कोणत्या गटात आहे, सातबाऱ्यावर त्या गटापुढे कोणाचं नाव आहे, ते तलाठ्याकडून उतरवून आणायचं. निस्तारपत्रकाची नक्कल मागायची. आणि वीस हात लांब बांबूवर फुटाच्या खुणा करून पाण्यात तीन ठिकाणी टेकवायचा, पाळीजवळ, मध्यावर आणि वरच्या टोकाला. बांबू पाण्याच्या तळाला कुठे टेकला आणि जोर दिल्यावर गाळात आणखी किती उतरला, हे दोन्ही आकडे कागदावर लिहून आणा. मासळी धरणारं घर गावात असेल तर त्यांना बरोबर घ्या. तळ्याचा तळ त्यांच्या पायांना ठाऊक असतो.